पडद्यावरील गतीची स्पष्टता : कॅथोड-किरण नलिकेपासून सपाट पटलापर्यंत

१

व्हिडिओ गेम खेळण्यासाठी दूरचित्रवाणी संच निवडू पाहणाऱ्या ग्राहकापुढे प्रामुख्याने दोन संख्या मांडल्या जातात. पहिली संख्या रिफ्रेश रेटची, म्हणजे पडद्यावर दर सेकंदाला किती वेळा नवे चित्र उमटते त्याची, ती हर्ट्‌झमध्ये सांगतात. दुसरी प्रतिसादकालाची, म्हणजे पडद्यावरील एक बिंदू एका छटेतून दुसऱ्या छटेत जाण्यास किती वेळ घेतो त्याची, ती मिलिसेकंदांत सांगतात. पहिली जितकी मोठी व दुसरी जितकी लहान, तितकी पडद्यावरील गती अधिक स्पष्ट, असा समज रूढ आहे. तो सर्वस्वी निराधार नाही. परंतु सपाट पडद्यावर धावणारी वस्तू ज्या मुख्य कारणाने पुसट दिसते, ते कारण या दोन्ही संख्यांत पुरतेपणी उतरत नाही. प्रत्येक चित्र पडद्यावर किती काळ प्रकाशमान राहते, हे ते कारण होय.

हे कारण इतका दीर्घ काळ दृष्टीआड का राहिले, याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. येथे असे प्रतिपादन केले आहे की, कॅथोड-किरण नलिकेच्या काळातील गतीची स्पष्टता हा कोणी हेतुपुरस्सर साधलेला गुण नव्हता. नळीतील प्रकाश क्षणात विझत असे, त्याचे ते आनुषंगिक फळ होते. जो गुण कोणी साधला नव्हता त्याला नाव नव्हते. आणि ज्याला नाव नव्हते ते हरपल्यावर काय हरपले हे सांगणे कठीण झाले. व्यापाराने त्या जागी दुसरी नावे व दुसरी मापे आणली आणि ग्राहक तीच मापे पाहून निवड करू लागला.

या प्रश्नाला खेळाच्या संदर्भात विशेष महत्त्व येते. चित्रपटाचा प्रेक्षक धूसर झालेले दृश्य पाहून केवळ किंचित असमाधानी होतो. खेळाडूला मात्र दिसेल त्यावर हात चालवावा लागतो. पडदा डावीकडून उजवीकडे वेगाने सरकत असताना पुढील अडथळा त्याला वाचता आला नाही, तर त्याची चूक ही त्याच्या कौशल्याची की संचाची, हे ठरविता येत नाही.

२

कार्ल फर्डिनांड ब्राउन याने १८९७ साली कॅथोड-किरण नलिका सिद्ध केली. इलेक्ट्रॉनांचा शलाकापुंज काचेच्या आतील फॉस्फरच्या लेपावर आदळला की तेथे प्रकाशबिंदू उमटतो. दूरचित्रवाणीत हा पुंज ओळीमागून ओळ असा सर्व पडदा आक्रमितो. १९३६ साली लंडनहून बीबीसीने सुरू केलेल्या नियमित प्रक्षेपणातील मार्कोनी-ईएमआय पद्धतीत ४०५ ओळी होत्या आणि प्रत्येक पूर्ण चित्र दोन अर्धचित्रांत विभागून दर सेकंदास ५० अर्धचित्रे दाखविली जात. अमेरिकेत १९४१ साली ५२५ ओळी व दर सेकंदास ६० अर्धचित्रे हे मान स्वीकारण्यात आले. या दोन संख्यांचा संबंध त्या त्या देशातील विद्युत्‌पुरवठ्याच्या वारंवारतेशी होता. आणि चित्र याहून कमी वेळा उमटविल्यास डोळ्यांना लुकलुक जाणवते, हेही त्यामागील एक कारण होते. गतीच्या स्पष्टतेचा विचार यात कोठेही अग्रस्थानी नव्हता.

तथापि या रचनेत एक गोष्ट अंतर्भूत होती. संचांत वापरल्या जाणाऱ्या फॉस्फरचा बहुतांश प्रकाश एका मिलिसेकंदाच्या आसपास विझून जाई. म्हणजे ६० अर्धचित्रांच्या पद्धतीत दोन उजळण्यांमधील १६.७ मिलिसेकंदांपैकी बहुतेक काळ पडद्यावरील कोणताही एक बिंदू वस्तुतः काळोखातच असे. प्रेक्षकाला अखंड वाटणारे चित्र हे अत्यल्पजीवी स्पंदांची मालिका होते.

फॉस्फर दीर्घकाळ उजळत राहिला तर काय होते, याचा दाखला खेळांच्या इतिहासाच्या आरंभीच सापडतो. १९५८ साली विल्यम हिगिनबॉथम यांनी ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत ऑसिलोस्कोपच्या लहानशा वर्तुळाकार पडद्यावर टेनिसचा खेळ दाखविला. १९६२ साली मॅसॅच्युसेट्‌स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत स्टीव्ह रसेल व त्यांचे सहकारी यांनी पीडीपी-१ या संगणकावर 'स्पेसवॉर' हा खेळ रचला. त्या संगणकाच्या पडद्यावर 'पी-७' या प्रकारचा फॉस्फर होता. रडारच्या पडद्यांसाठी उपयोगात असलेल्या या द्विस्तरी लेपात प्रथम निळसर झळक उमटे व मागाहून पिवळसर-हिरवी आभा रेंगाळत राही. त्यामुळे धावत्या यानांच्या मागे प्रकाशाची शेपटी दिसे. अंतराळाच्या काळ्या पार्श्वभूमीवर ती शोभून दिसली. परंतु वेगाने सरकणाऱ्या पूर्ण चित्राला ती मारक ठरली असती.

राल्फ बेअर यांनी १९६६ साली घरगुती दूरचित्रवाणीवर खेळ खेळण्याची कल्पना मांडली आणि तिच्यातून १९७२ साली मॅग्नावॉक्स कंपनीचे 'ओडिसी' हे खेळयंत्र बाजारात आले. त्याच वर्षी अटारीचा 'पाँग' हा खेळ सार्वजनिक ठिकाणी दिसू लागला. योगायोग असा की, याच वर्षी २ ऑक्टोबर रोजी मुंबई येथे दूरचित्रवाणी केंद्र सुरू झाले. भारताने ६२५ ओळी व ५० अर्धचित्रे हे मान पत्करले होते. या मानाचा खेळांशी जो संबंध आहे तो असा : जपान व अमेरिका येथील ६० च्या मानासाठी रचलेले अनेक खेळ ५० च्या मानाच्या देशांत जसेच्या तसे आणले गेले, तेव्हा ते मूळ वेगाच्या पाच-षष्ठांश वेगाने, म्हणजे सुमारे १७ टक्के मंद, चालत. गतीचे माप खेळाच्या आत नसून संचाच्या घड्याळात होते, हे यावरून स्पष्ट होते.

हा संबंध पुढे अधिकच घट्ट झाला. १९७७ सालच्या अटारीच्या घरगुती यंत्रात अवघी १२८ बाइट स्मृती होती. पूर्ण चित्र साठविण्यास तीत जागाच नव्हती. पुंज ज्या ओळीवर असेल त्या ओळीपुरते चित्र आयत्या वेळी घडवीत जाणे हे कार्यक्रमकाराचे काम असे. निन्टेंडोची प्रकाश-बंदूकही याच तत्त्वावर विसंबून होती. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होई व लक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन उमटे; बंदुकीतील प्रकाशसंवेदी घटक तो चौकोन योग्य क्षणी दिसतो की नाही एवढेच पाही. आज ही बंदूक सपाट पडद्यासमोर धरल्यास चालत नाही, कारण तिला अपेक्षित असलेला क्षण त्या पडद्यावर येतच नाही. या पिढीच्या खेळांनी नळीचा केवळ पडदा म्हणून उपयोग केला नव्हता. नळी त्या खेळांच्या रचनेचाच भाग होती.

३

नळीच्या या गुणाला पहिला तडा सपाट पटलांनी दिला नाही. तो नळीच्याच सुधारलेल्या संचांनी दिला. ५० अर्धचित्रांची लुकलुक मोठ्या व तेजस्वी पडद्यांवर त्रासदायक होत असल्याने युरोपात १०० हर्ट्‌झचे संच प्रचारात आले. त्यांत प्रत्येक अर्धचित्र स्मृतीत साठवून दोनदा दाखविले जाई. लुकलुक थांबली; परंतु धावत्या वस्तूच्या कडा दुहेरी दिसू लागल्या.

असे का व्हावे, हे समजण्यासाठी डोळ्याच्या व्यापाराकडे वळले पाहिजे. पडद्यावरील गतीचा उल्लेख येताच 'दृष्टिसातत्य' हा शब्द उच्चारण्याची प्रथा जुनी आहे : दृष्टिपटलावर प्रतिमा क्षणभर टिकते, म्हणून स्थिर चित्रे हलती भासतात, असे ते स्पष्टीकरण. माक्स वेर्टहायमर यांनी १९१२ साली आभासी गतीवरील आपले संशोधन प्रसिद्ध केल्यानंतर हे स्पष्टीकरण अपुरे ठरले. स्थिर चित्रांतून गतीची प्रतीती घडविणे हे मेंदूचे कार्य आहे, केवळ प्रतिमेच्या रेंगाळण्याचे नव्हे. परंतु गती का दिसते या प्रश्नाला जे उत्तर पुरले नाही, तेच गती धूसर का दिसते या प्रश्नाला बरेच लागू पडते. खेळाडूची दृष्टी धावत्या वस्तूचा पाठलाग अखंडपणे करते. पडद्यावरील चित्र मात्र टप्प्याटप्प्याने पुढे जाते. एकच चित्र दोनदा झळकले, तर दुसऱ्या झळकीच्या वेळी डोळा पुढे सरकलेला असतो आणि तेच चित्र दृष्टिपटलावर निराळ्या जागी पडते. म्हणून वस्तू दुहेरी दिसते. आणि चित्र झळकून न विझता अखंड प्रकाशत राहिले, तर सरकत्या डोळ्यात त्याचा पट्टाच ओढला जातो. हा पट्टा म्हणजेच गतीची धूसरता.

हिशेब सोपा आहे. १९२० बिंदू रुंदीच्या पडद्यावरून एक वस्तू दोन सेकंदांत पलीकडे जात असेल, तर तिचा वेग सेकंदास ९६० बिंदू होय. ६० हर्ट्‌झच्या अखंड प्रकाशणाऱ्या पटलावर प्रत्येक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकते; तेवढ्या काळात डोळा १६ बिंदू पुढे जातो, आणि तितक्या रुंदीची धूसरता निर्माण होते. प्रकाश एकच मिलिसेकंद टिकला तर ही रुंदी सुमारे एक बिंदू एवढीच राहते. यात पटलावरील बिंदू छटा किती त्वरेने बदलतो याचा प्रश्नच उद्भवत नाही. तो तत्क्षणी बदलला तरी १६ बिंदूंचा पट्टा कायम राहतो.

यावरून पडद्यांचे दोन वर्ग पडतात. ज्यांचा प्रकाश क्षणभर उमटून विझतो ते स्पंदप्रकाशी, आणि ज्यांचा प्रकाश पुढील चित्र येईपर्यंत टिकतो ते धारणप्रकाशी. नळी पहिल्या वर्गात मोडते; द्रवस्फटिकाचे पटल दुसऱ्या.

४

द्रवस्फटिकाची पटले १९६८ साली आरसीए कंपनीने जाहीरपणे दाखविली. १९८८ साली शार्प कंपनीने १४ इंची रंगीत पटल सिद्ध केले. खेळांच्या क्षेत्रात १९८९ सालच्या निन्टेंडोच्या 'गेम बॉय' या हाती धरण्याच्या यंत्राने या पटलाचा मोठा प्रसार केला. १६० गुणिले १४४ बिंदू व चार छटा असलेल्या या पटलावर चित्र सरकू लागले की मागील चित्राची सावली ठळकपणे रेंगाळे. येथे दोष खरोखरच प्रतिसादकालाचा होता : बिंदूंना छटा बदलण्यास फार वेळ लागे. दोष डोळ्यांना दिसत होता, त्याचे कारण उघड होते, आणि त्याला नावही होते.

पुढील गोंधळाचे मूळ येथे आहे. संगणकांचे सपाट पडदे प्रचारात आले तेव्हा गतीच्या धूसरतेची जी तक्रार उठली, तिला हेच परिचित नाव देण्यात आले. २००१ सालच्या आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १३४०६-२ मध्ये बिंदू काळ्यापासून पांढरा व पुन्हा काळा होण्यास लागणारा काळ मोजण्याची रीत निश्चित झाली. पुढे एका करड्या छटेतून दुसऱ्या करड्या छटेत जाण्याचा काळ मोजण्याची रीत प्रचलित झाली. उत्पादकांनी बिंदूला क्षणभर जादा विद्युत्‌दाब देऊन हा काळ घटविला. दाब अधिक झाला की वस्तूच्या मागे उलट्या छटेची किनार उमटे, हा त्याचा नवा दोष. २५ मिलिसेकंदांपासून ८, ५ व १ मिलिसेकंदापर्यंत जाहिरातींतील आकडे उतरत गेले. धूसरता मात्र त्या प्रमाणात उतरली नाही.

त्याच २००१ साली जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेतील ताइइचिरो कुरिता यांनी धारणप्रकाशी पटलांवरील चलत्‌चित्रांच्या दर्जाविषयी आपला निबंध मांडला. दोष बिंदूच्या मंदपणात तेवढा नाही, प्रकाश धरून ठेवण्याच्या रीतीतच तो आहे, हे त्यातील सूत्र. म्हणजे प्रतिसादकालाचे मानकीकरण आणि त्या मापाच्या अपुरेपणाचे शास्त्रीय निदान या दोन गोष्टी एकाच वर्षी घडल्या. पहिली बाजारात गेली. दुसरी दीर्घकाळ तज्ज्ञांच्या वर्तुळात राहिली. याचे एक कारण भाषिक आहे. 'प्रतिसादकाल' हा शब्द ऐकताच खेळाडूच्या मनात पडद्याच्या तत्परतेची संपूर्ण कल्पना उभी राहते. वस्तुतः त्या एका शब्दाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र आल्या : बिंदूचा छटाबदल, चित्राचा पडद्यावरील टिकाव, आणि खेळाडूने कळ दाबल्यापासून परिणाम दिसेपर्यंतचा विलंब. या तिहींची कारणे भिन्न आहेत, उपायही भिन्न आहेत.

५

२००७ सालच्या अखेरच्या तिमाहीत जगभरातील द्रवस्फटिकी संचांच्या विक्रीने नळीच्या संचांना प्रथमच मागे टाकले. त्यानंतर गतीच्या स्पष्टतेसाठी उत्पादकांनी जो मार्ग धरला, तो मधली चित्रे रचण्याचा होता. लागोपाठच्या दोन चित्रांतील वस्तूंच्या स्थानांवरून मधल्या चित्राचा अंदाज बांधून ते भरावयाचे. सोनीने २००८ साली २०० हर्ट्‌झचे संच याच रीतीने आणले. इतर कंपन्यांनीही गतीच्या मापाला स्वतःची नावे दिली. त्यांतील संख्या पुष्कळदा पटलाच्या प्रत्यक्ष रिफ्रेश रेटच्या कित्येक पट असत, कारण मागील दिव्याची उघडझाप व चित्रप्रक्रिया यांचाही हिशेब तीत मिसळलेला असे.

नभोवाणीप्रमाणे एकाच दिशेने येणाऱ्या कार्यक्रमाला हा उपाय चालतो. खेळाला तो चालत नाही. मधले चित्र रचावयाचे तर पुढील चित्र येईपर्यंत थांबावे लागते. तो विलंब खेळाडूच्या हातावर पडतो. म्हणून संचांत खेळासाठी स्वतंत्र अवस्था ठेवण्यात आली, जी निवडताच बहुतेक प्रक्रिया बंद होतात. अशा रीतीने प्रेक्षकासाठी योजलेला उपाय खेळाडूने प्रथम बंद करावयाचा, आणि संचाच्या वेष्टनावरील मोठी संख्या त्याच्यासाठी निरर्थक ठरावयाची, अशी परिस्थिती निर्माण झाली.

प्लाझ्मा पटलांचा मार्ग निराळा होता. १९६४ साली इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्‌झर, जीन स्लॉटो व रॉबर्ट विल्सन यांनी 'प्लेटो' या शैक्षणिक संगणकप्रणालीसाठी हे पटल शोधून काढले. प्रत्येक चित्र अनेक लघुस्पंदांत विभागून दाखविण्याच्या त्याच्या रीतीमुळे धावत्या वस्तूंची स्पष्टता द्रवस्फटिकाहून बरी असे. सरकत्या कडांवर रंगांच्या खोट्या रेषा दिसणे हा त्याचा दोष. पॅनासॉनिकने २०१३ साली उत्पादन थांबविण्याचे जाहीर केले आणि २०१४ नंतर मोठ्या उत्पादकांनी हे पटल सोडून दिले. त्याची जागा घेणाऱ्या ओएलईडी पटलांत बिंदू एका मिलिसेकंदाच्या लहानशा अंशात छटा बदलतो. प्रतिसादकाल हेच धूसरतेचे कारण असते तर येथे प्रश्न मिटावयास हवा होता. तो मिटला नाही. ६० हर्ट्‌झवर ओएलईडी पटलावरील धावती वस्तू पुसटच दिसते, कारण हे पटलही धारणप्रकाशी पद्धतीनेच चालविले जाते. कुरिता यांच्या निदानाची याहून निर्णायक कसोटी दुसरी नसेल.

हे निदान आभासी वास्तवाच्या उपकरणांतही व्यवहारात उतरले. डोळ्यांलगत बांधलेल्या पडद्यावर मान वळविताच सर्व दृश्य सरकते. तेथील धूसरता केवळ अप्रिय नसते, तिने दृश्याचा भासच मोडतो. २०१४ साली ओक्युलस कंपनीने आपल्या नमुन्यांत ओएलईडी पटल प्रत्येक चित्रामागे अत्यल्प काळच प्रकाशमान ठेवण्याची योजना केली. दूरचित्रवाणी संचांतही मधूनमधून काळे चित्र घालण्याची किंवा मागील दिवा मिटविण्याची सोय आली. तिचे मोल दोन प्रकारे द्यावे लागते : प्रकाश घटतो आणि लुकलुक परत येते. शिवाय खेळ दर सेकंदास ३० चित्रे देत असेल व पडदा ६० वेळा झळकत असेल, तर १०० हर्ट्‌झच्या जुन्या संचांतील दुहेरी कड पुन्हा प्रकट होते.

दुसरा मार्ग चित्रांची खरी संख्या वाढविण्याचा. १२० चित्रे दिल्यास टिकाव ८.३ मिलिसेकंदांवर व २४० दिल्यास ४.२ वर येतो. यात लुकलुक नाही आणि प्रकाशाची हानी नाही. परंतु तितकी चित्रे रचण्याचे सामर्थ्य खेळयंत्रात हवे. २०१७ सालच्या एचडीएमआय २.१ या मानकाने रिफ्रेश रेट खेळाच्या गतीनुसार बदलता ठेवण्याची तरतूद केली. २०२० सालच्या खेळयंत्रांनी १२० हर्ट्‌झचा वापर घराघरांत नेला. बदलता रिफ्रेश रेट व झळकता प्रकाश ही दोन्ही मात्र सहसा एकत्र नांदत नाहीत, कारण झळकींमधील अंतर बदलले की तेजही कमीजास्त होऊ लागते. २०२२ साली व्हेसा या मानकसंस्थेने 'क्लिअर एमआर' हे माप जाहीर केले. स्पष्ट व धूसर बिंदूंच्या गुणोत्तरावर आधारलेल्या या मापात बिंदूच्या कृतीपेक्षा दृश्य परिणामाला नाव मिळाले.

६

या इतिहासातून निवडीविषयी काही निष्कर्ष निघतात. ज्याला खेळासाठी संच घ्यावयाचा आहे त्याने प्रथम खेळाच्या अवस्थेतील विलंब पाहावा, कारण विलंबाची भरपाई अन्य कोणताही गुण करू शकत नाही. नंतर पटलाचा प्रत्यक्ष रिफ्रेश रेट कोणता व आपले खेळयंत्र तितकी चित्रे देते काय, हे ताडून पाहावे. ६० चित्रांच्या जुन्या खेळांसाठी काळे चित्र घालण्याची सोय ६० हर्ट्‌झवर उपलब्ध आहे की नाही, ती वापरताना किती तेज उरते व आपल्या डोळ्यांना लुकलुक सोसते काय, हे स्वतः पाहूनच ठरवावे. एका मिलिसेकंदाचा दावा सर्वांत शेवटी विचारात घ्यावा.

अभ्यासकाच्या दृष्टीने याहून व्यापक असा एक प्रश्न उरतो. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या 'सुपर स्मॅश ब्रदर्स मेली' या खेळाच्या स्पर्धांत, नळीचे संच दुकानांतून नाहीसे झाल्यानंतरही, खेळाडू जड व जुने संच जमवून त्यांवरच खेळत राहिले. याला गतकाळाची ओढ म्हणणे सोपे आहे. परंतु त्यांचे हात व डोळे जे मोजत होते त्यासाठी बाजारात माप उपलब्ध नव्हते, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल. संग्रहालये व ग्रंथालये जुन्या खेळांच्या संहिता आज जतन करीत आहेत. मात्र अटारीचा ओळीओळीने घडणारा खेळ किंवा निन्टेंडोची बंदूक केवळ संहितेच्या रूपाने जतन होत नाही. पडद्यावरील प्रकाशाचा टिकाव हाही त्या कृतींचा घटक आहे. नळ्यांचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन थांबलेले असून चालू स्थितीतील संचांची संख्या वर्षागणिक घटत आहे. तेव्हा अशा खेळाची नोंद करताना तो मूळ कोणत्या पडद्यासाठी, किती वारंवारतेवर व किती टिकावाच्या प्रकाशात खेळला जात होता, ही माहिती कृतीच्या वर्णनातच समाविष्ट करणे आवश्यक आहे. पुढील काळात एखाद्या धारणप्रकाशी पटलावर नळीचे अनुकरण करावयाचे झाल्यास तोच आधार राहील.